आईचं गेट

धंतोलीतल्या एका दवाखान्याचं मागचं गेट आमचं होतं. आमचं म्हणजे आईचं. कागदोपत्री ते दवाखान्याचंच असणार, पण सकाळी साडेअकराला त्या गेटसमोरच्या कडुनिंबाखाली डब्यांच्या दोन पिशव्या घेऊन उभं राहण्याचा हक्क फक्त आईचा होता. हा हक्क सगळे इतक्या मनापासून पाळायचे, की हे कुठेतरी लिहून ठेवलेलं असेल असं मला लहानपणी वाटायचं.

आई पेशंटवाल्यांचे डबे करते. पेशंटवाले म्हणजे पेशंटसोबत आलेली माणसं. कुणी यवतमाळकडून येतं, कुणी गडचिरोलीकडून, कुणी तिकडे छिंदवाड्याकडून. पेशंट आत खाटेवर असतो आणि ही माणसं जिन्यात, व्हरांड्यात, पार्किंगमध्ये चादर टाकून दिवस काढतात. शहरात कुठे काय मिळतं हे त्यांना ठाऊक नसतं आणि पेशंटला सोडून लांब जाताही येत नाही. त्यांच्यासाठी आईचा डबा होता. चार पोळ्या, एक भाजी, वरण, भात आणि कागदात बांधलेला ठेचा. माझे वडील घरं रंगवायचे. त्यांचा उजवा खांदा कामातून गेला तेव्हापासून आमचं सक्करदऱ्याचं घर आणि माझं शिक्षण या डब्यांवरच चाललं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जी चूक केली ती शिकल्यासवरल्या घरातल्या मुलीने कदाचित केली नसती.

डबेवाल्या बायका एकूण पाच होत्या आणि गेटंही पाच. सगळ्यांत मोठ्या बाईंना आम्ही मावशी म्हणायचो. रस्त्यापलीकडच्या हाडांच्या दवाखान्याचं गेट त्यांचं. गेटांची वाटणी त्यांनीच पूर्वी कधीतरी करून दिलेली. त्याआधी म्हणे रोज भांडणं व्हायची. एकीचं गिऱ्हाईक दुसरी ओढायची, एकदा तर वरणाचं भगोनंच रस्त्यावर उपडं झालं. मावशींनी मग सगळ्यांना एका ठिकाणी बसवलं आणि जिचं घर जिकडे जवळ, तिला तिकडचं गेट देऊन टाकलं. त्यानंतर कधी कुणी कुणाच्या गेटवर गेलं नाही. एखादीला ताप आला तर तिचे डबे दुसरी विकून देई, पण तिचं गेट कुणी घेत नसे.

डब्याचा भाव संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ठरायचा, आमच्या घरी. समोरची खोली त्यातल्या त्यात मोठी म्हणून. आई सकाळपासून तिळाचे लाडू वळायची, मी वाणाच्या गाळण्या नाहीतर चमचे ताटात मांडून ठेवायची. शेजारच्या बायका येऊन कुंकू लावून, वाण घेऊन निघून जायच्या. डबेवाल्या चौघी मागे थांबायच्या. मग चहा व्हायचा आणि मावशी सुरुवात करायच्या.

"तेलाचा पिपा कितीले झाला, माहीत आहे का वं कोणाले?"

"नाव नोको काढू मावशी, छातीत धडधड होते."

"मंग वाढवा पाच रुपये."

"पाच काहून? वाढवायचं तं दहा वाढवा. सहा महिन्यानं पुन्हा पेशंटवाल्याईचं वाकडं तोंड कोण पाहीन?"

"अन् वांगे कमी करा म्हणा हिले," आईकडे बोट दाखवून कुणीतरी म्हणायची. "हिच्या गेटवरचा माणूस बरा होऊन गावाले गेला तरी वांगं पाहून पळते म्हणते."

आमच्यातली एक बौद्ध घरातली. हळदीकुंकवाशी तिचा काही संबंध नव्हता, पण ती दरवर्षी न चुकता यायची. "मी कुंकू नाई लावत बाप्पा, रेट लावाले येते," असं दारातच म्हणायची आणि सगळ्यांत आधी लाडू उचलायची. हसता हसता भाव ठरायचा आणि दुसऱ्या दिवसापासून पाचही गेटांवर तोच लागू व्हायचा. मला ते फार सुंदर वाटायचं. अजूनही वाटतं, आणि माझी अडचण तिथेच आहे.

डबे संपले की पाचही जणी आईच्या गेटवर, कडुनिंबाखाली जमायच्या. सावली तिथेच होती. उरलंसुरलं उघडायचं आणि एकमेकींच्या भाजीला नावं ठेवत जेवायचं. कॉलेज लवकर सुटलं तर मीही तिथे जाऊन बसायची. माझ्या हातात पुस्तक दिसलं की मावशी म्हणायच्या, "वाच वं, वाच. आमच्यातली एक तरी काळा कोट घालून या गेटातून आत जाऊ दे." मी लॉ करत होते. त्यांच्या लेखी वकील आणि डॉक्टर एकाच गेटातून आत जायचे.

मी तिसऱ्या वर्षाला असताना एके दिवशी आईच्या गेटवर एक नवीन बाई दिसली. आईच्याच वयाची असेल. कडुनिंबापासून चार पावलांवर ती एका पिशवीत आठ-दहा डबे घेऊन उभी होती. तिचा डबा आमच्यापेक्षा दहा रुपयांनी स्वस्त होता आणि पोळ्यांऐवजी त्यात ज्वारीच्या भाकरी होत्या. ती सावनेरहून यायची. तिच्या नवऱ्याचं याच दवाखान्यात डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा. नवऱ्यासाठी तिला बिनमिठाचं जेवण आणावंच लागायचं, त्यासोबत चार डबे जास्तीचे करून आणले तर बसचं भाडं निघतं, एवढाच तिचा हिशेब.

आईने पहिल्या दोन खेपांना काही म्हटलं नाही. तिसऱ्या खेपेला आईच्या पिशवीत सहा डबे तसेच उरले. चौथ्या खेपेला पाचही जणी गेटवर आल्या. मी पण होते.

"कोणाले विचारून बसली वं इथं?" मावशी म्हणाल्या.

"विचारा लागते का?" सावनेरवाली म्हणाली. "रस्ता आहे न."

"रस्ता सरकारचा. गेट हिचं आहे."

"माह्या मालकाचं डायलिसिस आहे आतमधी. मले येणं भागच आहे. मी काही कोणाच्या पोटावर पाय द्याले नाई आली."

"मंग आमच्या भावानं विक अन् तिकडे चौकात जाऊन बस. चौक कोणाचा नाई."

चौक कुणाचा नव्हता, कारण तिथे पेशंटवालं कुणी फिरकतच नसे. हे सगळ्यांना माहीत होतं.

ती आईकडे पाहत होती. आई खाली बघून म्हणाली, "बाई, तुह्या दुखाची मले जाण आहे. पण इथं नाई."

एका पेशंटवाल्याने तेवढ्यात तिचा एक डबा हातात घेतला होता. तो बिचारा दोन्हीकडे बघत उभा. "मी हा घेऊ का नोको घेऊ?" त्याने विचारलं. सावनेरवालीने डबा त्याच्या हातातून परत घेतला, पिशवीत ठेवला आणि ती निघून गेली. त्यानंतर ती नवऱ्यापुरता एकच डबा घेऊन यायची, पुढच्या गेटने.

त्या दुपारी बायका नेहमीसारख्या झाडाखाली जेवल्या. मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. आईचं गेट वाचलं, एवढंच वाटलं.

पुढच्या वर्षी आम्हाला स्पर्धेचा कायदा शिकायला आला. शिकवणाऱ्या मॅडम सावकाश बोलायच्या आणि कुणी उत्तर चुकलं तरी रागवायच्या नाहीत, म्हणून मी त्यांच्या तासाला पहिल्या बाकावर बसायची. बाजारात एकाच्याच हाती सगळं गेलं की तो गिऱ्हाइकाला नाडतो, बाकीच्यांना आत येऊ देत नाही. म्हणून कायदा मोठं होण्याला हरकत घेत नाही, पण मोठेपणाचा गैरवापर करण्याला घेतो. दुसरं म्हणजे एकमेकांचे स्पर्धक असलेल्यांनी आपसात भाव ठरवायचा नाही आणि बाजार वाटून घ्यायचा नाही. हे दोन्ही मी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या वाक्याखाली तर लाल रेघही मारली होती. पण पुस्तकातली उदाहरणं मोठाल्या कारखान्यांची होती. बंद खोलीत, लांब टेबलाभोवती कोट घालून बसलेले पुरुष माझ्या डोळ्यांसमोर यायचे. त्या खोलीत तिळाचे लाडू असू शकतील, असं मला सुचलं नाही.

त्याच वर्षी दवाखान्याने तळमजल्यावर कॅन्टीन सुरू केलं. कंत्राट कुणा बाहेरच्याला दिलं आणि मागच्या गेटवर पाटी लागली: बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई आहे. गार्ड पिशव्या तपासू लागला. पेशंटवाल्यांनी डबा रस्त्यावर उभं राहून खायचा, नाहीतर कॅन्टीनमध्ये जायचं. पेशंटला सोडून बाहेर यायला जमत नाही म्हणून बरेचजण कॅन्टीनमध्ये जाऊ लागले. तिथली थाळी आईच्या डब्याच्या दुप्पट भावाची. आई चाळीस डबे करायची, ते पंधरावर आले. बाकीच्या चौघींनाही धास्ती बसली. आज इथे झालं, उद्या त्यांच्या गेटवर होणार.

घरी कुणी काही बोलत नव्हतं, पण वडील रंगकामातल्या जुन्या मित्राकडे जाऊन आले. पुट्टी घासायचं तरी काम द्या म्हणून. त्या खांद्याने. मला ते बघवलं नाही. मी आईला म्हटलं, "याच्याविरुद्ध कायदा आहे. मी शिकले आहे. आपण तक्रार करू."

"कोणाजवळ?"

"दिल्लीला त्यासाठी आयोग आहे."

"दिल्लीले?" आई पोळी लाटायची थांबली. "वांग्याच्या भाजीसाठी दिल्लीले जाशील तू?"

मी चार दिवस बसून तक्रार लिहिली. आधी मराठीत, म्हणजे सगळ्यांना वाचून दाखवता यावी. कडुनिंबाखाली उभं राहून मी ती वाचली. पाटी लागली ते लिहिलं, पेशंटवाल्यांचे हाल लिहिले. मग आम्ही कोण, हे सांगायला हवं असं वाटलं. डबेवाल्या बायका म्हणजे रस्त्यावरची गर्दी नाही, त्यांची एक रीत आहे, हे दिल्लीतल्या माणसांना कळलं पाहिजे. म्हणून मी एक परिच्छेद अगदी जीव ओतून लिहिला होता. तो मला अजून पाठ आहे.

'आम्ही पाच महिला अनेक वर्षांपासून शिस्तीने हा व्यवसाय करीत आहोत. आम्ही आपसात गेट वाटून घेतले असून कोणीही दुसरीच्या गेटवर जात नाही. डब्याचा दर दरवर्षी सर्वानुमते ठरतो व सर्वजणी तोच दर घेतात. त्यामुळे आमच्यात कधीही भांडण होत नाही. नवीन कोणी आल्यास आम्ही त्यांना समजावून सांगतो.'

"बाप्पा, वकीलच झाली वं पोरगी," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. सगळ्यांनी सह्या केल्या. मावशींनी आपली सही तीनदा गिरवली.

मी ते कागद मॅडमना दाखवायला नेले. त्या वाचत होत्या आणि मी समोर उभी. पहिलं पान झालं, त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या पानावर त्या थांबल्या. पेनचं टोपण काढलं, पण काही लिहिलं नाही.

"हे कुणी लिहायला सांगितलं तुला?"

"कुणीच नाही मॅडम. खरं आहे ते."

"खरं आहे, हीच तर अडचण आहे. पुन्हा वाच बरं. मोठ्याने."

मी वाचायला लागले. 'आपसात गेट वाटून घेतले' इथपर्यंत आवाज नीट होता. 'दर सर्वानुमते ठरतो' म्हणताना तो बारीक झाला. माझ्या वहीतली लाल रेघ मला दिसली. मी कागद खाली धरला.

मॅडम हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. त्या म्हणाल्या, "बस. आयोगाला पाच बायकांच्या डब्यांत रस नसेल. तुमच्यावर काही कारवाई होईल असंही मला वाटत नाही. पण कुणी विचारत नाही म्हणजे ते बरोबर, असं होत नाही ना?" मग त्यांनी तक्रारीतल्या बाकीच्या अडचणी सांगितल्या. एक दवाखाना म्हणजे अख्खा बाजार, हे आधी सिद्ध करावं लागेल. बाहेरचं अन्न नको म्हणायला आजाराचं, स्वच्छतेचं कारण ते देतील, आणि पेशंटच्या बाबतीत ते खरंही असू शकतं. त्यापेक्षा आधी दवाखान्याच्या व्यवस्थापनालाच साधं पत्र द्यावं. पेशंटचं जेवण दवाखाना बघेल, पण नातेवाइकांना त्यांच्या आवडीचा डबा आत बसून खाऊ द्या, एवढीच मागणी करावी. "आणि ते पत्र डबेवालीचं नको," त्या म्हणाल्या, "पेशंटच्या नातेवाइकाचं हवं. त्रास त्यांना होतोय. कायदा शेवटी त्यांच्यासाठी आहे."

मी निघाले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "'नवीन कोणी आल्यास समजावून सांगतो' म्हणजे नेमकं काय करता गं तुम्ही?"

मी त्यांना सावनेरवालीचं सांगितलं. सांगताना मला तो हातात डबा धरून उभा राहिलेला माणूस पहिल्यांदा नीट आठवला. त्या दिवशी आम्ही सहाजणी तिथे होतो, आणि भूक लागलेला माणूस तो एकटाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कणीक मळत असताना मी तिला सगळं सांगितलं. कायद्याचे शब्द टाळून सांगायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही फारसं.

"म्हणजे आमीबी त्या कॅन्टीनवाल्यासारख्याच?"

"सारख्या नाही गं. लहान."

"लहान." आईने कणकेवर ओलं फडकं टाकलं. "मंग तेवढं काढून टाक कागदातून."

"काढता येईल. पण आई, ते..."

"माहीत आहे मले काय म्हणून राहिली तू." ती हात धुवायला उठली. "त्या बाईले मीच नाई म्हणाली न. मावशी बोलली, पण ती माह्याकडे पाहून राहिली होती."

दुपारी झाडाखाली मी बाकीच्यांना सांगितलं. आयुष्यात इतकं कठीण काही मी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर मावशी एकदम उसळल्या.

"हे वाटणी मी काहून केली, माहीत आहे तुले? भाजलं होतं एकीले. वरण सांडलं तिच्या पायावर. तवा कुठी गेला होता तुहा कायदा?"

"मावशी, तुमचं बरोबर..."

"तो कॅन्टीनवाला एकटा सगळं गिळून राहिला, त्याले नाई सापडला कायदा. आमच्या हळदीकुंकवाले सापडला!"

"शिकवा पोरीले अजून," दुसरी म्हणाली. "उद्या म्हणन तिळगूळ द्यालेबी बंदी आहे."

पाच बायकांनी भांडण मिटवायला केलेली वाटणी आणि मोठ्या लोकांनी फायद्यासाठी केलेली वाटणी एकच कशी, असं मावशी विचारत होत्या. आणि मला फक्त एवढंच दिसत होतं, की दोन्हीकडे बाहेर उभं राहणारं कुणीतरी असतं.

आई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चाल माह्यासंगं."

"कुठे?"

"डायलिसिसमधी. आज बुधवार आहे न. ती आली असंन."

डायलिसिसच्या खोलीबाहेर लोखंडी खुर्च्यांची रांग होती. सावनेरवाली शेवटच्या खुर्चीवर बसलेली, मांडीवर रिकामा डबा. आम्हाला बघून तिने डबा पिशवीत लपवला, गार्डला बघून लपवावा तसा. आई तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"कसे आहेत?"

"आहेत तसेच." मग थोड्या वेळाने, "तुमचे डबे कमी झाले म्हणते लोक."

"हो. कमी झाले." आईने माझ्याकडे बोट केलं. "हे पोरगी आहे माही. दवाखान्याले पत्र देऊन राहिली. घरच्या लोकाईले डबा आत नेऊ द्या म्हणून. त्याच्यावर पेशंटवाल्याची सही पायजे. तू तं वर्षभराची पेशंटवाली आहे. तू सांगतलं तं बाकीचेबी सही करतीन."

सावनेरवाली हसली. वाईट नाही, पण हसली. "म्हणजे तुमचं गेट तुमाले परत भेटावं म्हणून मी सही करू?"

आईने होकाराची मान हलवली.

"करीन सही," सावनेरवाली म्हणाली. "पण मंग मीबी गेटवर उभी राहीन."

"राहा."

"झाडाखाली. चौकात नाई."

"झाडाखाली राहा."

"अन् भाव माह्या मनाचा."

मी आईच्या हाताकडे बघत होते. बोटांच्या फटींत सकाळचं पीठ वाळलेलं होतं. चाळीस डबे, वडिलांचा खांदा, माझी फी, हे सगळं त्या एका हो-नाहीत होतं आणि ते तिथे माझ्यामुळे येऊन पडलं होतं. मला वाटलं, आई नाही म्हणाली तर मी तिला काही म्हणणार नाही.

"तुह्या मनाचा," आई म्हणाली.

पत्रावर एकतीस पेशंटवाल्यांच्या सह्या झाल्या. अर्ध्याहून जास्त सावनेरवालीने खुर्च्याखुर्च्यांपाशी जाऊन मिळवल्या. व्यवस्थापकांनी पत्र घेतलं, पाहू म्हणाले. मी दर आठवड्याला विचारायला जायची आणि दरवेळी दारातच अडखळायची. शेवटी पाटी बदलली. पेशंटसाठी बाहेरचे अन्न आणू नये, नातेवाइकांनी तळमजल्यावरील शेडमध्ये डबा खाण्यास हरकत नाही. पत्रामुळे बदलली की कॅन्टीनच्या थाळीबद्दल इतरांच्याही तक्रारी गेल्या होत्या म्हणून, मला सांगता येणार नाही. दिल्लीची तक्रार मी पाठवलीच नाही. ते शहाणपण होतं की भीती, हेही मला नक्की ठाऊक नाही.

आई सांगते तसं, गेट उघडलं तेव्हा सगळ्यांसाठीच उघडलं. सावनेरवाली आली. पाठोपाठ एक इडलीवाला आला. मावशींच्या हाताखाली पोळ्या करणारी एकजण स्वतःचे डबे घेऊन मावशींच्याच गेटवर उभी राहिली. मावशी महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत. त्या संक्रांतीला चौघीही आल्या, लाडू खाल्ले, वाण घेतलं. एकीने सवयीने "यंदा तेल..." म्हटलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कुणीतरी थंडीबद्दल बोललं. पाऊण तासात खोली रिकामी झाली. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले. कुणी मला दोष दिला नव्हता, तरी रडू आलं.

झाडाखालचं जेवणही बंद झालं. ठरवून नाही. ज्याचे डबे संपतात तो निघतो, कुणाला थांबायला वेळ नसतो. कायदा बरोबर आहे असं मला वाटतं. परीक्षेत मी तसंच लिहिलं आणि ते मनापासून लिहिलं. पण दुपारी त्या रस्त्याने जाताना पाच बायकांच्या हसण्याचा आवाज ऐकू येत नाही, हेही तितकंच खरं आहे, आणि उत्तरपत्रिकेत त्यासाठी जागा नव्हती.

पहिल्या महिन्यात आईचे डबे उरायचे. लोक सावनेरवालीकडे जायचे. मला वाटायचं, स्वस्त म्हणून जातात. आईने एक दिवस तिचा डबा विकत घेतला, घरी आणला आणि आम्ही तिघांनी ताटात काढून खाल्ला. भाकर मऊ होती, वरणात तेल जवळजवळ नव्हतं. ज्यांचा पेशंट आत तिखटमिठाशिवाय जेवतोय, त्यांनाही बाहेर झणझणीत काही उतरत नसावं. आई कितीतरी वेळ चावत राहिली. "एवढे वर्ष मी कोणाले विचारलंच नाई," ती म्हणाली. वडील म्हणाले, "काहून विचारशील? गेट तुह्यंच होतं."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, मी तिच्याबरोबर गेटवर होते. भंडाऱ्याकडचे एक म्हातारे बाबा चार दिवसांपासून आईचा डबा नेत होते. त्यांची बायको आत होती. त्यांनी पैसे दिले, डबा घेतला आणि ते वळले.

"बाबाजी," आईने हाक मारली. "उद्या काय आणू तुमच्यासाठी?"

त्यांना कळलंच नाही. त्यांनी पैसे कमी पडले की काय म्हणून पुन्हा खिशात हात घातला.

"पैसे नाई हो. भाजी कोणती आणू, ते विचारून राहिली."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. गावातून निघाल्यापासून त्याला कुणी असं काही विचारलं नसावं. डॉक्टर, कागद, सह्या, औषधं, सगळे त्याला सांगतच होते.

"आंबाडी," तो अगदी हळू म्हणाला. "आंबाडीची भाजी भेटन का बाई?"

"भेटन न."

घरी येताना आम्ही सक्करदऱ्याच्या बाजारात उतरलो. तीन भाजीवाल्यांकडे आंबाडी होती. आई पहिल्याकडे थांबली, जुडी उचलून पाहिली, ठेवून दिली आणि दुसऱ्याकडे गेली.